दंडेकाकांची गालिसियन

दंडेकाकांमुळे एका माणसाची मारेगावची गाडी चुकली, ही गोष्ट घाटंजीत अजून सांगतात. काका तेव्हा बसस्टँडवर कंट्रोलर होते. तो माणूस धावत खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, मारेगावची गाडी कोठी लागून राह्यली?" काकांनी चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाले, "पुन्हा म्हणा." त्याला वाटलं, साहेबांना कमी ऐकू येतं. तो ओरडून तेच म्हणाला. "पुन्हा म्हणा," काका म्हणाले. "मारेगावची गाडी कुठे लागली आहे?" बिचाऱ्यानं घाम पुसत वाक्य घोकलं. शेवटी ते धड आलं तेव्हा काका प्रसन्न झाले आणि म्हणाले, "ती आत्ताच गेली."

प्रभाकरराव दंडे निवृत्त झाले, माईक सुटला, पण 'पुन्हा म्हणा' काही सुटलं नाही. आमच्या कृषी केंद्राच्या मागेच त्यांचं घर. रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दुकानात पेपर वाचायला येतात आणि बियाणं घ्यायला आलेल्या लोकांची वाक्यं दुरुस्त करतात. "भाऊ, मले तुरीचं बी पाह्यजे," असं कोणी म्हटलं की पेपरच्या मागून आवाज येतो, "मला हवे आहे. पुन्हा म्हणा." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी आढ्याकडे बघतो. माझी कितीतरी गिऱ्हाइकं अशी समोरच्या दुकानात गेली, पण काकांना येऊ नका म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांनी माझ्या बापालाही दुरुस्त केलं होतं आणि बाप मुकाट्यानं पुन्हा म्हणाला होता.

घरात तर त्यांचं राज्य. शालूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, खेड्यातल्या. स्वयंपाकघरात आणि आमच्या आईजवळ त्या तासन् तास वऱ्हाडीत बोलतात. बैठकीत आल्या की गप्प. गावाला वाटतं, बाई भारी अबोल आहे. माझी आई हे ऐकून पोट धरून हसते.

त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश माझ्या बरोबरीचा. आमच्यासोबत खेळताना तो अस्सल वऱ्हाडीत भांडायचा, आणि घराच्या पायरीशी आला की चपला काढाव्या तशी भाषा काढून ठेवायचा. पुढे पुढे तो घरात बोलेनासाच झाला. खूप शिकला. समुद्र कधी न पाहिलेल्या या जिल्ह्यातला पोरगा समुद्रातल्या शिंपल्यांवर संशोधन करायला स्पेनला गेला आणि तिथेच राहिला. लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. तिचं नाव ऊशिया. आमच्या गल्लीनं त्याची दुसऱ्या दिवशी उषा केली. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव इरिया. ते कोणी बदललं नाही, कारण काकांनी गल्लीभर फिरून सगळ्यांकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं.

पोरगी चारेक वर्षांची झाली तरी फोनवर आजोबांशी एक शब्द बोलेना. नुसती बघायची आणि पळून जायची. काकांनी एकदा मंगेशला दटावलं, "तू तिला मराठी का शिकवत नाहीस?" तिकडून उत्तर आलं, "कोणती शिकवू, बाबा? माझी तुम्ही बोलू दिली नाहीत. तुमची बोलताना मला अजून घाम फुटतो." काकूंनी हे आमच्या आईला सांगितलं तेव्हा त्यांचा पदर डोळ्यांवर होता. त्यानंतर बापलेकांचं बोलणं 'कसे आहात, बरा आहे' एवढ्यावर आलं.

आणि त्याच आठवड्यात काका पेपर न घेता, मोबाईल घेऊन दुकानात आले.

"सुधाकरराव," ते मला म्हणाले, "मी भाषा शिकतो आहे."

"स्पॅनिश का, काका?"

"स्पॅनिश नव्हे! गालिसियन. तिच्याच भाषेत गालेगो. माझी नात घरात ती बोलते. तिला आपल्याकडे यायला जमत नसेल तर आपण तिच्याकडे जायचं."

तेव्हा सरकी घ्यायला किसनभाऊ आला होता. त्यानं विचारलं, हे कोठची भाषा व्हय? काकांनी घसा साफ केला. हा घसा साफ झाला की एके काळी सगळा स्टँड चिडीचूप व्हायचा.

"स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या डोक्यावर, गालिसिया नावाचा प्रांत आहे. तेथील ही भाषा. ही स्पॅनिशची बोली नव्हे. ही आणि पोर्तुगीज एके काळी एकच होत्या. पुढे मध्ये सीमा आली आणि दोघी वेगवेगळ्या वाढल्या."

"वाटनी झाली म्हना."

"म्हणा. पुन्हा म्हणा." किसनभाऊनं म्हटलं. काका पुढे निघाले. "मध्ययुगात राजेदेखील या भाषेत कविता करीत. मग दरबार स्पॅनिशचा झाला, कोर्टकचेरी स्पॅनिशची झाली. गालेगो उरली शेतात आणि होडीत. कित्येक शतके तिच्यात फारसे कोणी लिहिले नाही. एकोणिसाव्या शतकात कवींनी तिला हात देऊन उठवले, तर पुढे हुकूमशहा आला. शाळेत ती बोलायची नाही, कचेरीत बोलायची नाही. आईबापच पोरांना म्हणू लागले, ही खेडवळ भाषा सोड, स्पॅनिश बोल, तर नोकरी लागेल. आता ती तिथली राजभाषा आहे, शाळेत आहे, टीव्हीवर आहे. तरी शहरातले पुष्कळ लोक मुलांशी स्पॅनिशच बोलतात."

"मंजे आपल्या वऱ्हाडीवानीच झालं हे, काका," किसनभाऊ अगदी सहज म्हणाला.

मी सरकीची थैली हातात धरून तसाच उभा. काका म्हणाले, "वऱ्हाडी ही बोली आहे. गालेगो ही भाषा आहे."

"हे कोन ठरोते?"

काकांनी मोबाईल खिशात टाकला आणि ते निघून गेले. 'ठरोते' दुरुस्त न करता ते गेले, याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी हजर. मग पावसाळाभर माझ्या दुकानात गालिसियनचा वर्ग चालला. तिकडे पावसाला ढिगानं शब्द आहेत, बारीक भुरभुर पडली की त्याला ओर्बायो म्हणतात, हे काकांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आमच्याकडे पावसानं दडी मारली होती. किसनभाऊ म्हणाला, शब्द तिकडेच ठेवा, पाऊस इकडे धाडा. तिकडच्या माणसाला प्रश्न विचारला तर तो म्हणे उलट प्रश्नच विचारतो. "मंग तं ते आपलेच पाव्हने," किसनभाऊ म्हणाला.

सगळ्यात छळलं ते 'थ'नं. गालिसियनमध्ये म्हणे एक 'थ' आहे, तो जीभ दातांच्या मधे धरून काढायचा. आभार मानायला 'ग्राथास' म्हणायचं, त्यात तो येतो. काकांना वरची कवळी. जीभ पुढे आली की कवळीही पुढे यायची. आरशासमोर बसून ते ग्राथास, ग्राथास करत बसायचे. एकदा जोर जास्त झाला आणि कवळी माझ्या सोयाबीनच्या नमुन्याच्या ताटात जाऊन पडली. आम्ही हसलो. काका हसले नाहीत. कवळी धुऊन लावली, आणि पुन्हा ग्राथास. हिवाळा लागता लागता त्यांचा 'थ' एकदम खणखणीत झाला.

कारण हिवाळ्यात ते सगळे येणार होते. मंगेश, ऊशिया, इरिया आणि इरियाची तिकडची आजी, म्हणजे काकांची विहीणबाई, कार्मे. थोडेच दिवस. "सुधाकरराव," काका मला म्हणाले, "पुन्हा त्यांचं येणं कधी होईल आणि तेव्हा मी असेन की नसेन, देव जाणे. या खेपेला ती माझ्याशी बोलली तर बोलली. नाही तर मी तिच्यासाठी फोनमधला एक म्हातारा." माईकवरचा आवाज पहिल्यांदाच जरा फाटला.

नागपूरहून त्यांना आणायला मीच गाडी घेऊन गेलो होतो. घरी पोहोचलो तर काका पायरीवर ताठ उभे, केस चापून बसवलेले. मागे काकू औक्षणाचं ताट घेऊन. निरांजनाची ज्योत हलताना दिसत होती. काकांनी घसा साफ केला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात गालिसियनमधून स्वागताचं भाषण केलं. मी पाहिलं, मंगेशचं तोंड उघडंच राहिलं. विहीणबाईंनी दोन्ही गालांवर हात ठेवले आणि काहीतरी भराभर बोलत सुटल्या. काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं, पण ते मान डोलवत राहिले.

चहा झाला. काकूंनी विहीणबाईंची ओटी भरली. विहीणबाईंनी काकूंना गावाकडचा शिंपल्यांचा डबा दिला, तो काकूंनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मग काकांनी आतून एक लाकडी बस आणली. सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेली, लाल रंगाची, पुढे पाटी 'घाटंजी', आणि ओढायला सुतळी. ती त्यांनी इरियापुढे ठेवली. पोरगी बसकडे बघत राहिली, मग काकांकडे. आणि बारीक आवाजात म्हणाली, "ह्रासास, आवो."

आवो म्हणजे आजोबा, हे काकांनी आम्हाला शिकवलेलं होतं. ह्रासास काय ते मला कळलं नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही खूश झालो. आणि काकांनी बोट वर केलं.

"ग्राथास," ते म्हणाले. जीभ दातांच्या मधे, अगदी पुस्तकासारखी. "ग्राथास. ओउत्रा बेथ."

ओउत्रा बेथ म्हणजे पुन्हा एकदा. पुन्हा म्हणा.

पोरगी आईच्या मागे जाऊन लपली. विहीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला, त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मंगेश उठून उभा राहिला. "बाबा, त्यांच्या किनाऱ्यावर तसंच बोलतात," तो म्हणाला. "ग चा ह होतो आणि तुमचा तो थ त्यांच्यात नाहीच. या आजीला त्याच बोलण्यावरून शाळेत छड्या बसल्या आहेत. तीच आज पाच हजार मैलांवरून तुमच्या घरी आली, आणि तुम्ही पहिल्या शब्दाला..." तो बाहेर निघून गेला.

काका जागच्या जागी उभे होते. बोट अजून वर होतं. काकूंनी ते हळूच धरून खाली केलं.

मग जे दिवस गेले ते मला आठवले तरी नको वाटतात. विहीणबाई आणि काकू मागच्या अंगणात पाटावर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायच्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, पण दोघींचं अखंड चाललेलं. काकू म्हणायच्या, "हे शेंग किडकी हाय व बाई," त्या तिकडून काहीतरी म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या. इरिया बस ओढत त्यांच्याभोवती फिरायची. काका बैठकीच्या दारातून बघायचे. ते दारात आले की पोरगी बस उचलून आईकडे पळायची. घाटंजीत गालिसियन येणारा एकुलता एक माणूस आपल्याच घरात मुका होऊन बसला होता.

दुकानात आले तरी पेपर उलटा धरलेला. मला राहवेना. मी मुद्दाम म्हटलं, "काका, तुमी काहून असे बसून राह्यले? काल मी नागपूरले गेलतो." दोन वाक्यांत एवढे अपराध, पण काकांनी एकही दुरुस्त केला नाही. नुसतं म्हणाले, "बरं." मी मनातून घाबरलो. माणूस आजारी पडला तरी मी एवढा घाबरलो नसतो.

निघायचा दिवस उजाडला. दुपारी जेवणं झाली की मी त्यांना नागपूरला सोडणार होतो. गाडीत सामान चढवलं. मंगेश बापाच्या पाया पडला, पण त्यांच्याकडे न बघता. विहीणबाईंनी काकूंना मिठी मारली, काकांना लांबूनच मान लववली. इरिया मागच्या अंगणात बसचा शेवटचा फेरा मारत होती. काका तिकडच्या दारात उभे होते, पाठीमागे हात बांधून. "इरिया, चल," असं मंगेशनं तिच्या भाषेत हाक मारून सांगितलं. ती पळत सुटली, सुतळी पायात आली, आणि फरशीच्या उचकलेल्या कडेवर धाडकन पडली. बस एकीकडे, ती एकीकडे. गुडघा फुटला. तिनं असा टाहो फोडला की आम्ही सगळेच धावलो.

काका सगळ्यांत जवळ होते. ते इस्त्रीच्या विजारीनिशी धुळीत गुडघ्यांवर बसले, तिला छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं त्या फरशीवर सणसणीत चापट मारली.

"हात लेका!" काका ओरडले. "माह्या मायले पाडतं? माह्या पोट्टीले पाडतं काय रे तू? थांब, दाखोतो तुले!"

आणि आणखी एक चापट. "उगी, उगी व माय. कोठी लागलं माह्या बाईले? पाह्य, कसा मारला त्याले!"

मी गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो. माझ्या शेजारी काकूंनी तोंडावर पदर घेतला. "हे याहीच्या मायचं बोलनं व्हय," त्या पुटपुटल्या. "ते गेली तवापासून याहीनं तोंडातून काढलं नाई रे."

पोरीचं रडणं थांबलं होतं. आजोबा जमिनीला मारतात, जमिनीशी भांडतात, हे तिनं कधी पाहिलं नसावं. गालांवर पाणी तसंच, आणि ती त्या फरशीकडे बघत होती. मग काकांचा हात दोन्ही हातांनी धरून तिनं तो उचलला आणि म्हणाली, "ओउत्रा बेस."

तिच्या आजीच्या गावचा 'स'. मी काकांच्या बोटाकडे पाहिलं. मंगेशनंही पाहिलं असणार.

"हात लेका!" काकांनी चापट मारली.

"ओउत्रा बेस!"

"हात लेका!"

विहीणबाई पुढे आल्या, काकांच्या शेजारी धुळीत बसल्या आणि त्यांनीही फरशीला एक ठेवून दिली. "हात लेका," त्या म्हणाल्या. त्यांच्या घशातला तो 'ह' असा काही निघाला की किसनभाऊलाही जमला नसता. पोरगी खदखदून हसली. काकाही हसत होते, आणि रडत होते. ते लपवायला त्यांना हात मोकळा नव्हता.

मंगेश जवळ येऊन उकिडवा बसला. काकांचा तळवा लालबुंद झाला होता. त्यानं तो उलटा करून पाहिला.

"बाबा," तो म्हणाला, "हाताले लागलं का?"

आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. काकांनी त्याच्याकडे बघितलं. लहानपणी त्याला याच एका 'ले'साठी त्यांनी कितीदा तरी दारात उभं केलं होतं, हे मला माहीत आहे, मी गल्लीत त्याची वाट बघत थांबायचो.

"नाई रे," काका म्हणाले. "काई नाई लागलं."

त्या दिवशी निघायला उशीर झाला. मी गाडी अशी काही हाकली की विहीणबाई सारा रस्ता कुठल्याशा देवाचं नाव घेत होत्या. विमान मिळालं.

आता दर रविवारी दुपारी काकांचा फोन माझ्या दुकानात वाजतो, कारण आमच्याकडे रेंज चांगली आहे. परवा किसनभाऊ काउंटरवर उभा होता. "काका, मले हरभऱ्याचं बी पाह्यजे, जरा या भाऊले सांगा," तो मुद्दाम खोडी काढायला म्हणाला. काकांचं लक्षच नव्हतं. पडद्यावर इरियाची बाहुली टेबलावरून पडली होती, आणि ती टेबलाला धोपटत होती.

"हात लेका!"

मोबाईल दोन्ही हातांत धरून काका पुढे वाकले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "पुन्हा म्हण, माय."